दुर्लक्षित नाणी : जी कुणी जपली नाहीत म्हणूनच जपायला हवीत

ढब्बूपैसा

नाणी जमवतो असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "चांदीची आहेत का?" आणि मग, "विकली तर किती येतील?" पस्तीस वर्षं हे ऐकतोय. म्हणून आज ज्यांच्याबद्दल कुणीच काही विचारत नाही, त्या नाण्यांसाठी धागा काढतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. राणीछाप आणि राजाछाप रुपये चांदीचे होते, म्हणून लोकांनी ते गाडग्यात, गाठोड्यात, देव्हाऱ्यात जपले. जपले म्हणून ते आजही बऱ्या स्थितीत भरपूर मिळतात. ॲल्युमिनियमचा पैसा कुणी जपला? तो खर्च झाला, हरवला, पोरांनी रुळावर ठेवून चपटा केला, शेवटी मोडीत गेला. टांकसाळीतून निघाली तेव्हा अशी नाणी कोट्यवधी होती, आज ताजी, न वापरलेली शोधायला गेलं की दमछाक होते. संख्येनं दुर्मिळ नसलेली वस्तूही चांगल्या स्थितीत दुर्मिळ होते, ती अशी.

माझं सगळ्यात आवडतं दुर्लक्षित नाणं म्हणजे तीन पैसे. १९६४ ते १९७१ एवढंच त्याचं आयुष्य. सहा कोनांचं, वजन सव्वा ग्रॅमच्याही किंचित आत. साठच्या दशकात तांबं आणि निकेल महागलं, तेव्हा लहान नाणी ॲल्युमिनियमची करायचं ठरलं आणि त्याची सुरुवात झाली ती या तीन पैशांपासून. म्हणजे पुढे तीसेक वर्षं आपल्या खिशात जी हलकी पांढरी चिल्लर वाजली, तिचा हा पूर्वज. तळहातावर ठेवलं तर आहे की नाही ते कळत नाही. पण नवंकोरं असेल तर त्यावरचे सिंह इतके रेखीव दिसतात की आयाळीची बट न् बट मोजावी. घासलेल्या नाण्यात त्याच सिंहांचे तीन गोल गोळे उरतात. दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहा, चांगल्या स्थितीतलं नाणं शोधण्यात आयुष्य का जातं ते लगेच पटेल.

तुमच्या मते दुर्लक्षित नाणं कोणतं? भाव नका सांगू. ते नाणं का, एवढंच सांगा.

कंगोरा

झकास धागा! माझं मत नव्या पैशाला.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. ते सगळं मोडून रुपयाचे शंभर झाले. लोकांचा गोंधळ होणार हे सरकारला ठाऊक होतं, म्हणून नाण्यावरच शिकवणी लिहिली. एक नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग', पाचावर 'बीसवाँ भाग', दहावर 'दसवाँ भाग'. आपली किंमत समजावून सांगणारं असं नाणं माझ्या पाहण्यात दुसरं नाही. 'नया' हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये काढून टाकला आणि उरला तो नुसता पैसा.

आमचे आजोबा दुकानात बसायचे. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, मग तो पाव पैसा कुणी सोडायचा यावरून रोज हुज्जत व्हायची. चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस. म्हणून पावलीपाशी भांडण मिटायचं.

कांस्याचा नवा पैसा १९६२ पर्यंतच. पुढे तो निकेल-पितळेचा झाला. कांस्याचा लालसर चमक शाबूत असलेला पैसा दिसला तर सोडू नका.

ओसरी

मी या विषयात अगदी नवीन आहे. आजीच्या डब्यात सुपारीच्या कातरीबरोबर दोन जाडजूड काळी नाणी सापडली. गोल म्हणावीत तर धड गोलही नाहीत, कडा वेड्यावाकड्या. एक मी चिंच-मीठ लावून घासलं, आता ते नव्या भांड्यासारखं लखलखतंय, पण त्यावरची अक्षरं आधीपेक्षाही अंधूक वाटू लागली आहेत. दुसरं अजून तसंच आहे. ही दुर्लक्षितमध्ये मोडतात का?

ढब्बूपैसा

ओसरीताई, दुसऱ्याला कृपा करून हात लावू नका! चिंच नको, लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट नको. तांब्यावर जो काळा-तपकिरी थर बसतो तो मळ नसतो, ती नाण्याची कातडी असते. शंभर-दोनशे वर्षांत तयार झालेली. चिंचेचं आम्ल त्या थराबरोबर अक्षराच्या उठावाचा वरचा पापुद्राही खातं. गेलेलं परत येत नाही.

असं करा. नाणं अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या कागदावर ठेवा आणि बॅटरीचा झोत वरून न टाकता बाजूनं, जवळजवळ जमिनीला समांतर टाका. नाणं हळूहळू फिरवा. सावल्यांमुळे पुसट अक्षरं उठून दिसतात. जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून घ्या, अर्थ लावू नका. आणि सोनाराकडे वजन करून आणा.

गोदाकाठ

मराठवाड्यातून माझा हाली शिक्का.

आमच्याकडे जुनी माणसं अजून 'हाली' आणि 'कलदार' असा भेद करून बोलतात. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला रुपया. दोघांची किंमत सारखी नव्हती, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. शेतसारा एकात, बाजार दुसऱ्यात, अशी गावांनी सवय लावून घेतली होती. सरहद्दीवरच्या गावात तर पोरासोरांनाही तो हिशेब तोंडपाठ.

हाली रुपयावर चारमिनार आहे. पाहणारा चारमिनार पाहतो आणि नाणं खाली ठेवतो. जरा थांबून मधल्या कमानीत बघा. तिथं उर्दू लिपीतलं एकच अक्षर कोरलेलं आहे, निजामाच्या नावाचं पहिलं. मीर महबूब अली खानाच्या नाण्यात 'मीम', मीर उस्मान अली खानाच्या नाण्यात 'ऐन'. राज्य कुणाचं हे त्या इवल्याशा दारात सांगून ठेवलंय. मला हे वडिलांनी भिंगातून दाखवलं तेव्हा मी सातवीत होतो. त्या दिवसापासून हा नाद लागला तो आजतागायत.

चांदीचा हाली रुपया लोक घेतात. त्याच काळातली दोन पैची तांब्याची नाणी मात्र किलोवारी मोडीत गेली. तीच माझ्या मते दुर्लक्षित. त्यावर निजामाचा तुघरा आहे, म्हणजे नावाची अक्षरं एकमेकांत गुंफून काढलेली नक्षीदार सही. पै-पैशाच्या नाण्यावर एवढी सुंदर अक्षरकला, आणि लोक ती भंगारात देतात.

मांडवीतीर

गोंयचें म्हणणं मांडतो. पोर्तुगीज अमलातली शेवटची नाणी १९५८-५९ ची. तोवर रुपिया आणि टांगा चालायचे, एका रुपियाचे सोळा टांगे. मग ते बदलून एस्कुदो आणि सेंताव आणले. या मालिकेत तीन एस्कुदो आणि सहा एस्कुदो अशी नाणी आहेत. तीन आणि सहा का, असं कुणालाही वाटेल. तर जुन्या एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले होते. म्हणजे सहाचं नाणं हा जुना रुपिया आणि तीनचं म्हणजे अर्धा. नाव बदललं तरी बाजारातला हात जुन्याच मापानं मोजत होता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे या नाण्यांना चलनात जेमतेम तीन वर्षं मिळाली. एवढ्या कमी आयुष्याचं, आपल्या शेजारचं, आणि तरी आपले बहुतेक संग्राहक ते 'परदेशी' म्हणून बाजूला ठेवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिशेबनीस

दोन्ही महायुद्धांच्या काळातली नाणी विसरू नका.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून चवली (दोन आणे), पावली (चार आणे) आणि अधेली (आठ आणे) चांदीऐवजी तांबं-निकेलाची काढली. चवली चौकोनी, पावली अष्टकोनी, अधेली गोल. ही अधेली फक्त १९१९ आणि १९२० ची. खोट्या अधेल्या इतक्या निघाल्या की ती आवरती घ्यावी लागली. दुकानदार अजूनही ही नाणी "चांदीची नाहीत" म्हणून डब्यात तळाला टाकतात. त्या तळातच हात घालावा.

दुसऱ्या महायुद्धात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि तांबं वाचवायला पैशाला मध्ये भोक पाडलं. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा. आमच्या घरी वडिलांनी तो नळाच्या चकतीला, खुर्चीच्या स्क्रूला वापरलेला मी पाहिलाय. म्हणूनच न वापरलेला, कडा न दबलेला पैसा निवडून ठेवण्यासारखा. त्याच्या मुकुटाच्या आकारातही फरक आहेत, एक एक करत लावत बसलं की रात्र कशी सरते कळत नाही.

आणि १९५० ची मालिका. राजाचा चेहरा जाऊन अशोकस्तंभ आला. पैशावर घोडा, आण्यावर बैल, रुपयावर गव्हाच्या ओंब्या. प्रजासत्ताकाची पहिली नाणी, आणि तीही आण्या-पैच्याच हिशेबातली. घोड्याचा पैसा दिसायला अतिशय देखणा आहे.

नवशिका

फोनवर रोज येतं की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं. माझ्याकडे चार आहेत. खरंच ठेवू का?

ढब्बूपैसा

आवडत असतील तर जरूर ठेवा. लाखाच्या आशेनं नको. २०१२ सालची ती स्मारक नाणी चलनात मुबलक आली होती. असल्या संदेशांचा पुढचा टप्पा ठरलेला असतो, 'नोंदणी फी भरा', 'कर भरा', 'पैसे खात्यात येतील'. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर केलंय. विकणाऱ्याकडूनच आगाऊ पैसे मागितले की तिथंच फोन ठेवा.

चलनातल्या स्मारक नाण्यांतच गोडी असेल तर मी एक संच सुचवतो. १९९० चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, २००२ चा संत तुकारामांचा रुपया आणि २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं. ही पाचही आपण सर्वांनी कधी ना कधी बसच्या तिकिटाला देऊन टाकली आहेत. आज पाचही एकाच तोलामोलाच्या स्थितीत जमवून दाखवा, बघा किती दिवस लागतात ते. ज्ञानेश्वर आणि तुकारामांचे रुपये स्टीलचे लहान, त्यामुळे चेहऱ्यावर ओरखडे हमखास असतात.

रानवारा

+१. या संचात मी तुकारामांच्या रुपयावर पाच वर्षं अडकले होते. शेवटी भाजीवालीच्या गल्ल्यात सापडला, आणि ती म्हणाली, "तुकोबा हाय व्हय? मग तुमीच ठेवा." बदल्यात रुपयाही घेईना, मी बळंच दिला.

माझं मत सत्तरच्या दशकातल्या पाच-दहा पैशांच्या अन्न-शेती मालिकेला. 'नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न' हे १९७४ चं, १९७६ चं 'सर्वांना अन्न आणि काम', १९७७ चं 'विकासासाठी बचत', १९७८ चं 'सर्वांना अन्न आणि निवारा', १९७९ चं बालकवर्षाचं. एक देश कसल्या काळजीत होता ते वर्षावर्षाला ॲल्युमिनियमवर लिहून ठेवलंय. मी शाळेत इतिहास शिकवते. ही पाच नाणी मुलांच्या हातात दिली की ते दशक शिकवायला दुसरं काही लागत नाही. एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, दहा पैशावर कुटुंब नियोजन कशाला?" मी म्हटलं, "कारण दहा पैसे प्रत्येक घरात जायचे."

कंगोरा

रानवाराताई, वा!

तारखेखालच्या खुणांबद्दलही लिहितो, कारण त्यात कसलाच खर्च नाही आणि डोळ्यांना शिस्त लागते. आपल्या नाण्यावर सालाच्या खाली बघा. चौकटच्या पत्त्यासारखा ठिपका म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. नोएडाची टांकसाळ १९८८ ची, तेव्हा त्याआधीच्या नाण्यावर तो गोल ठिपका असायचं कारण नाही.

ऐंशीच्या दशकात चिल्लरीची इतकी टंचाई झाली की नाणी बाहेरच्या देशांतून पाडून आणली. १९८५ च्या रुपयाखाली इंग्रजी 'एच' असेल तर ते बर्मिंगहॅमचं. १९८८ च्या पंचवीस पैशांखाली 'सी' असेल तर कॅनडातल्या ओटावाचं. नव्वदच्या दशकात मेक्सिको, स्लोव्हाकिया, रशिया इथूनही नाणी आली, त्यांच्याही आपापल्या खुणा आहेत. रुपया आपला, सिंह आपले, आणि जन्म पार दुसऱ्या खंडात. फक्त एक जपा, सालाच्या पहिल्या आकड्याखालची खूण आणि मधोमध असलेली खूण यांत गल्लत होते. भिंगाशिवाय निकाल देऊ नका.

गोदाकाठ

संस्थानी नाण्यांत आणखी एक, कच्छची कोरी. या नाण्यांवर एका बाजूला इंग्लंडच्या राजाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला कच्छच्या रावांचं. आठवा एडवर्ड १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरात पायउतार झाला. खुद्द ब्रिटनमध्येही त्याची नाणी चलनात आली नाहीत. पण भूजच्या टांकसाळीनं त्याच्या नावाची कोरी पाडून चलनात आणलीसुद्धा! आणि तिथलीच १९४७ ची कोरी पाहा, तिच्यावर 'जय हिंद' आहे. अकरा वर्षांचं अंतर आणि केवढा पालट.

आपल्या मराठी संस्थानांचंही तसंच. बडोद्याच्या सयाजीरावांच्या तांब्याच्या नाण्यावर किंमत 'दोन पैसे' अशी चक्क मराठीत आहे. गुजरातेत बसून पाडलेलं नाणं, आणि अक्षरं आपली. बाजूला तलवार. हे नाणं मिळतंही सहज, तरी शंभरातले नव्वद संग्राहक त्याकडे ढुंकून बघत नाहीत. इंदूरच्या पैशावर बसलेला नंदी आहे, तोही असाच उपेक्षित.

हिशेबनीस

तांब्याचा विषय निघालाच आहे तर तराजूचा पैसा. मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारनं १८३० च्या सुमाराला पाडलेला पाव आणा. एका बाजूला कंपनीची निशाणी, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. आपल्या भागात हा इतका पसरला होता की नांगरताना अजून निघतो.

आणि एक सावधगिरी. कंपनीच्या नावाचे राम-सीता, हनुमान, कमळ छापलेले १८१८ वगैरे सालाचे 'आणे' जत्रांतून विकतात. कंपनी सरकारनं देवादिकांचे आणे कधीच पाडले नाहीत. मी पंचवीस वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून असे दोन घेतले, महिन्याच्या पगारातला चांगला मोठा हिस्सा घालून. ते अजून ठेवलेत, नवीन मुलं आली की खऱ्या पैशाच्या शेजारी ठेवून दाखवतो. खऱ्यावर अक्षराची कड धारदार असते, ओतीव खोट्यावर ती साबणासारखी, आणि भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात.

ओसरी

आले परत. वजन करून आणलं. न घासलेलं ८.७ ग्रॅम, घासलेलं ८.५. बॅटरी तिरपी धरून पाऊण तास बसले होते. न घासलेल्यावर एका बाजूला वरच्या ओळीत 'श्री'चा निम्मा भाग वाटतोय, खाली 'जा' स्पष्ट, त्याखाली 'शि' किंवा 'सि'. उलट्या बाजूला 'त्र' आहे, मग नाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन आडव्या रेघा, एकमेकींना समांतर, आणि त्याखाली 'प'. रेघा मी आधी चरा समजले होते.

ढब्बूपैसा

ताई, त्या रेघा चरा नव्हेत. त्यांच्यामुळेच तर ओळख पटली! ही दुदांडी शिवराई. दोन दांड्यांची म्हणून दुदांडी.

पुढच्या बाजूचं पूर्ण वाक्य 'श्री राजा शिव', मागे 'छत्रपति'. 'छत्र' वर, मध्ये दोन दांड्या, 'पति' खाली. १६७४ मध्ये महाराजांनी राज्याभिषेक केला तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. फारसीचा दबदबा असलेल्या काळात नाण्यावर देवनागरी आणली. तुमचं नाणं त्या पहिल्या शिवराईहून हलकं आहे, आणि दुदांडी ही पुढची, पेशवाईच्या काळातली घडण. पण नाव कुणाचं राहिलं ते पाहा. महाराजांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनीही तांब्याच्या पैशावर 'राजा शिव'च होतं. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तरी शिवराई बाजारात चालतच राहिली, एकोणिसाव्या शतकात उशिरापर्यंत. तुमच्या आजीच्या आजीनं त्यानं मीठ-मिरची घेतली असेल.

अर्धीच अक्षरं का, तर ठसा मोठा असायचा आणि तांब्याचा तुकडा लहान. तुकडा ठशाखाली जसा पडेल तेवढीच अक्षरं उमटायची. म्हणून एका शिवराईवर 'श्री रा', दुसरीवर 'जा शि', तिसरीवर नुसता 'छ'. अख्खं वाक्य एकाच नाण्यावर क्वचित मिळतं. लोक पूर्ण अक्षरांच्या मागे धावतात. मी मात्र अर्धवट शिवरायाच जमवतो. चार-पाच शेजारी मांडल्या की वाक्य जुळतं. अक्षरांचं वळणही प्रत्येकीचं वेगळं, कुठे 'शि', कुठे 'सि', कुठे दीर्घ वेलांटी. किती निरनिराळ्या हातांनी ते ठसे कोरले असतील.

घासलेलं फेकू नका. वीस-पंचवीस वर्षांत त्यावर पुन्हा थर धरेल. पहिल्यासारखा नाही, तरी धरेल.

मांडवीतीर

ओसरीताई, अभिनंदन! मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात मात्र ठेवू नका. त्यातलं रसायन काही वर्षांत सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. आमच्याकडच्या दमट हवेत माझी सहा नाणी अशी गेली. पुठ्ठ्याच्या चौकटीत पातळ कडक पारदर्शक खिडकी असते तसली वापरा, नाहीतर सरळ आम्लविरहित कागदाचं पाकीट. नाणं कडेनं धरा.

रानवारा

आणि पाकिटावर लिहा! कुठून आलं, कुणाचं, कधी. मी शंभरेक नाणी लिहून न ठेवता जमवली आणि आज त्यातल्या निम्म्यांचं गाव मला आठवत नाही. तुमच्या शिवराईचं घर तुम्हाला ठाऊक आहे. बाजारातल्या नाण्याला ते नसतं.

नवशिका

शेतात नांगरताना नाणी सापडली तर ती आपली का? हिशेबनीस काकांनी लिहिलं म्हणून विचारतो.

हिशेबनीस

एखादा घासलेला पैसा निघणं वेगळं. पण पुरलेला ठेवा, हंडा असं काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा. आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती देशाबाहेर विकता-पाठवता येत नाहीत. कायदा सोडला तरी एक गोष्ट. ठेवा एकत्र पाहिला तर तो कधी पुरला, कोणत्या वाटेनं नाणी आली, हे अभ्यासकांना कळतं. वाटून घेतला की उरतात सुटी नाणी. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. मुंबईला फोर्टात रिझर्व्ह बँकेचं संग्रहालयही आहे.

नवशिका

धन्यवाद काका. वैष्णोदेवीची तीन खर्चून टाकतो, एक ठेवतो. आजच्या चिल्लरीत एक पन्नास पैसे आले, त्यावर मूठ आहे. ते काय?

कंगोरा

भरतनाट्यमच्या हस्तमुद्रांची मालिका! पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली, पन्नास पैसे मात्र आजही कायदेशीर चलन आहेत. पण दुकानदार घेत नाहीत, म्हणून लोक डब्यात टाकतात आणि विसरतात. तीन पैशांचं जे झालं तेच याचं होणार आहे. चांगलं स्वच्छ मिळालंय तर आजच पाकिटात घाला.

ओसरी

दोन पाकिटं केली. आईला विचारलं तर ती म्हणाली, आजी सुपारी वाटताना मुलांना ही नाणी खेळायला द्यायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची. म्हणजे आई या शिवरायांनी खेळली आहे, हे मला आज कळलं.

एका पाकिटावर लिहिलंय : 'दुदांडी शिवराई. ८.७ ग्रॅम. आजीच्या सुपारीच्या डब्यातून. आई लहानपणी हिच्याशी खेळायची. धुतलेली नाही.' दुसऱ्यावर : '८.५ ग्रॅम. तोच डबा. मी चिंचेनं घासली.'

ढब्बूपैसा काका, घासलेलीवर काल रात्री पुन्हा तिरपा उजेड टाकला. एका कडेला 'श्री' पूर्ण दिसतोय, त्याच्या पुढे 'रा'. न घासलेलीवर 'जा शि' आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या.

ढब्बूपैसा

म्हणजे 'श्री राजा शि' पर्यंत पोचलात. आता फक्त 'व' राहिला!